‘डेटाबेस फ्री आहे’ असं लिहिण्याआधी



दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या टेबलावर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा गठ्ठा येतो. विषय वेगवेगळे असतात. कुणाचं ग्रंथालय, कुणाची हॉस्टेलची मेस, कुणाच्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, कुणाचं पतसंस्थेचं पिग्मी कलेक्शन. पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये सापडतं : ‘आम्ही मायएसक्यूएल वापरले, कारण ते ओपन सोर्स म्हणजेच फ्री आहे.’ मागच्या बॅचच्या रिपोर्टमधून ते पुढच्या बॅचच्या रिपोर्टमध्ये उतरतं. मीही कित्येक वर्षं त्याच्यापुढे बरोबरची खूण करून पान उलटत होते. आता करत नाही. का करत नाही, ते या लेखात सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचा रात्री साडेनऊला फोन आला. त्याने दोन मित्रांबरोबर दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार केलं होतं. फॅट, एसएनएफ, लिटर, दर, दहा दिवसांचं बिल, शेतकऱ्याची पावती, सगळं त्यात होतं. तालुक्यातल्या चाळीसएक केंद्रांवर ते व्यवस्थित चालत होतं. मग एका मोठ्या खरेदीदाराने आपल्या सगळ्या केंद्रांसाठी ते घ्यायची तयारी दाखवली आणि करारापूर्वी एक कागद मागितला. यात तुमचा स्वतःचा कोड कोणता, बाहेरचा कोणता आणि बाहेरच्या प्रत्येक गोष्टीचं लायसन्स काय?

पोरांकडे तो कागद नव्हता. तयार करायला बसले तेव्हा घाम फुटला. त्यांच्या इन्स्टॉलरमध्ये मायएसक्यूएलचा सर्व्हर भरलेला होता, तो ग्राहकाच्या संगणकावर आपोआप बसायचा. सोबत आलेल्या लायसन्सच्या फाइल ‘साइज कमी करायला’ काढून टाकल्या होत्या. (त्या दोन फाइलनी किती साइज वाचली असेल ते तुम्हीच बघा.) डॉटनेटमधून डेटाबेसशी बोलायला मायएसक्यूएलचाच अधिकृत कनेक्टर वापरला होता, तोही जीपीएलखालचा. आणि यांना स्वतःचा सोर्स कोड कुणालाही द्यायचा नव्हता. “मॅडम, तुम्हीच शिकवलं होतंत ना, मायएसक्यूएल फ्री आहे म्हणून?” तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणाने म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं.

आता ‘फ्री’ या शब्दाकडे बघू. इंग्रजीत या एका शब्दात दोन अर्थ आहेत आणि त्यामुळे तिकडे बराच गोंधळ झाला. रिचर्ड स्टॉलमन १९८० च्या दशकापासून तो निस्तरत आहेत. आपल्याला मराठीत तो गोंधळ घालायचं कारणच नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. लग्नातलं जेवण फुकट असतं, पण म्हणून आचाऱ्याकडून पाककृती लिहून घेऊन तुम्ही उद्या त्याच जेवणाचा धंदा सुरू करू शकता असं नाही. मुक्त सॉफ्टवेअर याच्या अगदी उलट असतं. पाककृती हातात मिळते, ती बदलायची मुभा असते आणि त्यावर धंदा करायलाही हरकत नसते. त्यासाठी कुणी पैसे घेतले तरी चालतात. जीपीएलखालचं सॉफ्टवेअर विकायला बंदी नाही, हे वर्गात सांगितलं की अजूनही मुलं चमकतात. अट एवढीच की ज्याला दिलं त्याला सोर्स कोड आणि तेच सगळे हक्क मिळाले पाहिजेत. कुठल्या लायसन्सला ‘ओपन सोर्स’ म्हणायचं याची एक ठरलेली व्याख्या आहे आणि ती १९९८ साली स्थापन झालेली ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था सांभाळते. कोड गिटहबवर दिसतो, एवढ्याने एखादी गोष्ट ओपन सोर्स होत नाही.

मग अडचण कधी येते? तुम्ही त्या डेटाबेसचं करता काय, यावर ते अवलंबून आहे. कॉलेजच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल बसवा, त्याचा कोड हवा तसा बदला, दहा वर्षं चालवा, जीपीएल तुमच्याकडे काहीही मागत नाही. तुम्ही पीएचपीमध्ये वेबसाइट केली आणि ती स्वतःच्या होस्टिंगवर ठेवली, तरी तुम्ही कुणाला सॉफ्टवेअरची प्रत दिलेली नाही. लोक ती फक्त बघतात, वापरतात. जबाबदारी सुरू होते ती प्रत दुसऱ्याच्या हातात दिली की. पेन ड्राइव्हवर, इन्स्टॉलरमधून, मशीनमध्ये भरून, कशीही. दूध केंद्रवाल्या पोरांनी नेमकं हेच केलं होतं आणि तेही चाळीस ठिकाणी.

याच्या उलट टोकाची भीतीही मी ऐकते. कंपनीत गेलेली मुलं सांगतात, “मॅडम, जीपीएलला हात लावायचा नाही, आपला सगळा कोड उघडा करावा लागतो.” असं सरसकट नसतं. सर्व्हर हा वेगळा प्रोग्राम, तुमचं सॉफ्टवेअर वेगळं, दोघं नेटवर्कवरून बोलतात, इथपर्यंत फारसं कुणी अडवत नाही. खरी गाठ पडते ती मधल्या छोट्या लायब्ररीत. जी लायब्ररी तुमच्या प्रोग्रामला जोडून त्याचाच भाग होते, तिचं लायसन्स तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचतं. आपण डेटाबेस निवडताना महिनाभर चर्चा करतो आणि ड्रायव्हर मात्र पहिल्या सर्चमध्ये सापडेल तो उचलतो. माझ्या मते बहुतेक चुका इथेच होतात.

ही गाठ खुद्द पीएचपीलाही बसली होती. मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी आधी एलजीपीएलखाली होती, म्हणजे बंद कोडच्या प्रोग्रामलाही जोडता येत होती. चौथ्या आवृत्तीपासून ती जीपीएलखाली आली. पीएचपीचं लायसन्स जीपीएलशी जुळत नाही. २००४ साली पीएचपी ५ आलं तेव्हा पूर्वीसारखी ती लायब्ररी सोबत मिळेनाशी झाली. ज्या दोन नावांची जोडी आपण श्वास घ्यावा तशी एका दमात उच्चारतो, त्यांच्यातच बेबनाव! मायएसक्यूएल कंपनीने त्याच वर्षी मुक्त प्रकल्पांसाठी वेगळा अपवाद जाहीर केला. पुढे २००९ मध्ये पीएचपी ५.३ बरोबर मायएसक्यूएलएनडी हा नवा ड्रायव्हर आला, तो पीएचपीच्याच लायसन्सखाली. तुम्ही आज झॅम्प बसवून निर्धास्त काम करता, त्यामागे हे सगळं भांडण होऊन गेलेलं आहे.

दूध केंद्रवाल्यांचा मार्गही तिथूनच निघाला. डॉटनेटसाठी मायएसक्यूएलकनेक्टर नावाचा एक स्वतंत्रपणे लिहिलेला ड्रायव्हर आहे, एमआयटी लायसन्सखाली. (अधिकृत ड्रायव्हरचं नाव कनेक्टर नेट, याचं मायएसक्यूएलकनेक्टर. गोंधळात पडायला पूर्ण वाव!) तो बसवायला त्यांना दोन-तीन दिवस लागले. सर्व्हर त्यांनी वेगळा ठेवला, त्याच्या लायसन्सच्या फाइल परत जागेवर आणल्या आणि त्याचा सोर्स कोड ग्राहकाला मिळेल अशी सोय केली. मी त्याला आणखी एक प्रश्न विचारला, “अरे, एका केंद्रावर एकच संगणक, एकच माणूस नोंद करतो, तर तुला सर्व्हर हवाच कशाला होता? एसक्यूलाइट नसतं चाललं?” तो गप्प बसला. एसक्यूलाइट हे रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं काम. ते पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर लायसन्सच नाही. कोडच्या फाइलच्या वरच्या भागात इतर ठिकाणी लायसन्सचा मजकूर असतो, तिथे त्यांनी वाचणाऱ्याला चक्क आशीर्वाद दिला आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये ते असतंच. पण रिपोर्टमध्ये ते लिहायला मुलांना कमीपणा वाटतो, का कोण जाणे.

इथपर्यंत आजच्या अटींचं झालं. माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. लायसन्स वाचणं आपण शिकलो तरी अर्धाच धडा होतो. जमीन कसायला घेताना आपल्याकडे अडाणी माणूससुद्धा आधी विचारतो की सातबारा कुणाच्या नावावर आहे. करारात काय लिहिलंय ते नंतर. सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स म्हणजे करार आणि कॉपीराइट म्हणजे सातबारा. करार आज चांगला असेल, पण उद्या नवीन करार कोण काढू शकतो, हे सातबाऱ्यावरचं नाव ठरवतं.

मायएसक्यूएलचंच बघा. स्वीडनमधल्या मायएसक्यूएल एबी या कंपनीने ते वाढवलं. संस्थापकांपैकी मायकेल विडेनियस, ज्यांना सगळे माँटी म्हणतात, यांच्या मुलीचं नाव माय, त्यावरून मायएसक्यूएल. २००० साली ते जीपीएलखाली आलं. कंपनीची युक्ती सरळ होती. सगळ्या कोडचा कॉपीराइट स्वतःकडे ठेवायचा. जीपीएल चालत असेल त्याने तसंच घ्यावं, स्वतःचा कोड बंद ठेवायचा असेल त्याने पैसे देऊन वेगळं लायसन्स घ्यावं. यात फसवणूक काहीच नव्हती. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी सनला घ्यायला ओरॅकल पुढे आली. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या बंद डेटाबेसच्या मालकाच्या नावावर मायएसक्यूएलचा सातबारा जाणार! माँटींनी युरोपियन कमिशनकडे विरोध नेला, सह्यांची मोहीम काढली. कमिशनने चौकशी केली, ओरॅकलने मायएसक्यूएलबद्दल काही जाहीर आश्वासनं दिली आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहाराला मंजुरी मिळाली.

माँटींनी २००९ मध्येच त्या कोडवरून मारियाडीबी सुरू केलं होतं. मारिया ही त्यांची धाकटी मुलगी. जीपीएलने त्यांना हा हक्क दिला होता आणि तो ओरॅकललाही काढून घेता येणार नव्हता. पण गंमत बघा. ज्या माणसाने हा कोड लिहायला घेतला, तो त्याच कोडवर पैसे घेऊन वेगळं लायसन्स देण्याचा जुना धंदा आता करू शकत नव्हता. कॉपीराइट विकला गेला होता. मारियाडीबीचा सर्व्हर त्यामुळे जीपीएलखालीच राहिला. वर्गात मी ही गोष्ट सांगते तेव्हा मुलींची नावं सगळ्यांच्या लक्षात राहतात. लक्षात ठेवायचा भाग खरं तर हा शेवटचा आहे.

जीपीएल म्हटलं की नाक मुरडणारे मला म्हणतात, मग बीएसडीसारखी सैल लायसन्स बरी. रेडिसचं काय झालं ते त्यांना विचारते. २००९ साली साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी सुरू केलेलं रेडिस बीएसडी लायसन्सखाली होतं, एखाद्या पानात मावणारं, काहीही करा म्हणणारं. त्या ‘काहीही करा’मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्या दुसऱ्या अटींखाली काढणंही बसतं. मार्च २०२४ मध्ये तेच झालं. आवृत्ती ७.४ पासून रेडिस ओपन सोर्स राहिलं नाही. कारण जाहीर होतं. मोठ्या क्लाउड कंपन्या रेडिस भाड्याने देऊन कमावतात आणि मूळ कंपनीच्या हाती काही लागत नाही. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छायेत वाल्की नावाचा फाटा निघाला, ७.२.४ या आवृत्तीवरून आणि जुन्याच बीएसडी लायसन्सखाली. ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल सगळे त्याच्या मागे उभे राहिले. मे २०२५ मध्ये रेडिस ८ एजीपीएलखाली देऊन कंपनी ओपन सोर्समध्ये परत आली. इलॅस्टिकसर्चचीही साधारण अशीच चक्कर झाली. २०२१ मध्ये बाहेर, २०२४ मध्ये एजीपीएल घेऊन आत, मधल्या काळात ओपनसर्च हा फाटा उभा राहिलेला.

यातून एक दिलासा आहे, तो नीट समजून घ्या. एकदा मुक्त लायसन्सखाली दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. बदल पुढच्या आवृत्त्यांना लागू होतो. पण त्या जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं भोक सापडलं तर ते कोण बुजवणार? फाटा काढणारे दणकट लोक असतील तर ते बुजवतात, नसतील तर ते काम तुमच्या गळ्यात येतं.

मोंगोडीबीची गोष्ट थोडी वेगळी. ते आधी एजीपीएलखाली होतं. एजीपीएल म्हणजे जीपीएलच, पण एक फट बुजवलेली. तुम्ही कोड बदललात आणि तो सर्व्हरवरून लोकांना वापरायला दिलात, तर प्रत दिली नसली तरी त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स मिळाला पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलेलं एसएसपीएल आणलं. त्यात म्हटलंय, तुम्ही मोंगोडीबीच सेवा म्हणून विकलंत तर ती सेवा चालवायला लागणारं सगळं सॉफ्टवेअर, बॅकअपपासून देखरेखीपर्यंत, त्याच लायसन्सखाली उघडं करा. ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे मंजुरीला दिलेलं हे लायसन्स त्यांनी २०१९ मध्ये मागे घेतलं. फेडोराने ते मुक्त मानायला नकार दिला, डेबियनने मोंगोडीबी वगळलं. आणि ॲमेझॉनने? जानेवारी २०१९ मध्ये मोंगोडीबीसारखाच बोलणारा स्वतःचा डॉक्युमेंटडीबी आणला. ज्याला अडवायचं होतं तो बाजूने निघून गेला.

तुमच्या मेसच्या ॲपसाठी याचा अर्थ काय? जवळजवळ काही नाही. तुम्ही मोंगोडीबी विकत नाही, त्याच्यावर मेसची हजेरी ठेवता. वापरा खुशाल. फक्त रिपोर्टमध्ये ‘ओपन सोर्स’ लिहू नका, ‘सोर्स बघायला मिळतो’ असं लिहा. या कंपन्यांची तक्रार मला अर्धी पटते. आपण रांधायचं आणि दुसऱ्याने हॉटेल थाटायचं, हे कुणालाही बोचेल. पण ओपन सोर्स हा शब्द वापरून जगभरचे डेव्हलपर गोळा करायचे, त्यांच्याकडून दुरुस्त्या, ड्रायव्हर, पुस्तकं, फुकटची जाहिरात घ्यायची आणि बस्तान बसल्यावर अटी फिरवायच्या, हे मला पटत नाही. स्वतःचा कोड बंद ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो पहिल्या दिवशी सांगून वापरावा. त्या मानाने बिझनेस सोर्स लायसन्स सरळ आहे. आज प्रॉडक्शनमधल्या वापरावर बंधन, आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी तो कोड आपोआप मुक्त, असं ते आधीच बोलून दाखवतं. हे लायसन्स निघालं मारियाडीबी कंपनीच्याच घरातून, हाही योगायोग नव्हे.

मग मी विद्यार्थ्यांना काय सुचवते? ठरवायला फारसं काही नसेल तर पोस्टग्रेस. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली ते सुरू झालं. लायसन्स बीएसडीच्या वळणाचं, अगदी छोटं. सैल लायसन्सचा धोका त्यालाही आहेच, त्यावरून कुणीही बंद आवृत्ती काढू शकतं आणि अनेकांनी काढल्याही. ॲमेझॉनच्या रेडशिफ्टचं मूळ पोस्टग्रेसमध्येच आहे. फरक सातबाऱ्याचा. त्यावर एका कंपनीचं नाव नाही, शेकडो जणांचं आहे. प्रकल्प चालवणाऱ्या मुख्य गटात एकाच कंपनीचे लोक निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत, असा दंडक ते पाळतात. पोस्टग्रेसवर उभ्या असलेल्या एंटरप्राइजडीबीचं कार्यालय पुण्यातही आहे. तिथे काम करणारी मराठी मुलंमुली या प्रकल्पाला हातभार लावतात, पण त्यांची कंपनी उद्या म्हणाली की पोस्टग्रेस आमचं, तर ते होणार नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. डेटाबेसचं सॉफ्टवेअर वेगळं आणि त्यात भरलेला डेटा वेगळा. पोस्टग्रेसमध्ये तुम्ही ओपनस्ट्रीटमॅपवरून तालुक्यातले रस्ते उतरवून घेतले, तर त्या डेटाला २०१२ पासून ओडीबीएल हे वेगळं लायसन्स लागू आहे. त्यात नाव देणं बंधनकारक आहे आणि त्यातून तयार केलेला डेटाबेस लोकांना दिलात तर तो त्याच अटींवर द्यावा लागतो. आपल्या सरकारच्या खुल्या डेटासाठीही २०१७ पासून स्वतंत्र लायसन्स आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात तर संगणकीय डेटाबेस ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत बसवलेले आहेत, हे ऐकून आमच्या मराठीच्या मॅडम फार खूश झाल्या होत्या.

आता या वर्षीपासून मी रिपोर्टच्या नमुन्यात ‘वापरलेली साधने’ या तक्त्याला तीन रकाने वाढवले आहेत. लायसन्सचं नाव व आवृत्ती, आपण त्याचं काय करतो आणि कॉपीराइट कुणाकडे. डेटाबेस आणि त्याचा ड्रायव्हर या दोन वेगळ्या ओळी. पहिल्या आठवड्यात सगळ्या गटांनी एकमेकांचं बघून ‘जीपीएल, वापरतो, ओरॅकल’ असं लिहून आणलं. एका गटाने मात्र ड्रायव्हरच्या ओळीत तिसरा रकाना रिकामा सोडला होता. विचारलं तर म्हणाले, “मॅडम, हा ड्रायव्हर एकट्या माणसाने लिहिलाय आणि लायसन्सची फाइलच नाहीये. म्हणजे हा आपल्याला वापरता येत नाही ना?” बरोबर. लायसन्स नाही म्हणजे परवानगीच नाही. त्यांनी दुसरा ड्रायव्हर शोधला, आणि त्या तक्त्यात मी बऱ्याच दिवसांनी बरोबरची खूण केली.